बेडकीचा पंखा

मामाची गाडी गावात पहिल्यांदा आली तेव्हा ती गाडी आहे यावरच काही जणांचा विश्वास बसेना. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. वरचं छत कापडाचं, मागं घडी घालून ठेवता येणारं. पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे वर आलेले. कधीकाळी ती लालभडक असावी. आमच्याकडं आली तेव्हा विटेच्या रंगाची झाली होती. लेकरांनी त्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं आणि पुढं मामासुद्धा तिला बेडकीच म्हणू लागला.

मामा म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. हैदराबादच्या एका बड्या घराण्याकडं त्यानं उमेदीची सगळी वर्षं ड्रायव्हरकी केली. ते लोक परदेशी निघाले तेव्हा म्हाताऱ्या मालकानं ही जुनी विलायती शर्यतीची गाडी मामाच्या नावावर करून दिली. मामी आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मामानं ट्रंक शेजारच्या सीटवर ठेवली आणि तो सरळ बहिणीच्या गावी आला. आमचं गाव शिरड शहापूरच्या पुढं, डांबरी सोडून आत. गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धवाडा. समाजमंदिरासमोरच्या लिंबाखाली बेडकी उभी राहू लागली, आणि मामा रोज सकाळी तिला असा पुसायचा की शेजारच्या बाया आपल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

त्याच वर्षी जयंतीला मिरवणूक बेडकीतून काढायची असं ठरलं. छत मागं टाकलं, सीटांच्या मागं फोटो उभा केला, निळे झेंडे लावले, बॉनेटवर फुलं. कर्णा गाडीच्याच बॅटरीवर जोडला. मामानं पांढरा सदरा घातला होता. आम्ही सगळे चालत, पुढं लेझीमवाल्या पोरी, त्यात मीही.

एप्रिलचं ऊन. त्या उन्हात गाडी माणसाच्या पावलानं चालली होती. गावाच्या चौकात, पाराच्या बरोबर समोर, बेडकीच्या बॉनेटमधून वाफ सुटली. आधी थोडी, मग फुसकन. रेडिएटरचं पाणी खाली रस्त्यावर वाहू लागलं आणि गाडी बंद पडली.

पारावर गावातली बसणारी मंडळी होती. ते हसले. एक जण म्हणाला, "तहानली वाटतं. पाणी पाजा की तिला."

पाराजवळ हॉटेल होतं, हॉटेलसमोर पाण्याचा रांजण होता. कुणी जागचं हललं नाही. माझी माय आणि आणखी दोघी तशाच वाड्याकडं परतल्या आणि घागरी भरून डोक्यावर घेऊन आल्या. मामानं फडकं हातात धरून झाकण खोललं, पाणी ओतलं, पण गाडी काही लगेच सुरू झाली नाही. पोरांनी ती ढकलत पुढं नेली. आम्ही वळलो तेव्हा त्याच माणसाचा आवाज मागून आला, "पुढल्या साली ट्रॅक्टरच आणा. तुमाला गाड्या झेपत न्हाईत."

हे त्यानं ओरडून म्हटलं नव्हतं. सल्ला दिल्यासारखं म्हटलं होतं, काळजीनं. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या वर्षीपर्यंत मी हिंगोलीला आयटीआयला लागले होते, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागून राहिल्या होत्या आणि बाला वाटत होतं की पोरगी शिवणकाम शिकली असती तर बरं झालं असतं. आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी. पण ते सगळं नंतर कधीतरी.

जयंतीच्या आधी समाजमंदिरात बैठक बसली. मी सुटीला घरी आले होते आणि दाराशी बायांमध्ये बसले होते. एक वडीलधारे म्हणाले, "औंदा ट्रॅक्टर सांगू. पुन्हा चौकात फजिती नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बानं पण डोलावली. मामा खांबाला टेकून बसला होता, जमिनीकडं बघत. हैदराबादहून शेकडो मैल गाडी हाकत आलेला माणूस. वर्षभर त्यानं गाडी बाहेर काढली ती फक्त थंडीत आणि पहाटे.

खरं सांगायचं तर मिरवणूक ट्रॅक्टरवरही छान निघाली असती. फोटो उंचावर दिसला असता, कुणाचं काही अडलं नसतं. पण ट्रॅक्टर आला असता तो त्या माणसाच्या सांगण्यावरून आला असता. हे मला सहन होईना.

मी दारातूनच म्हणाले, "ट्रॅक्टर काहून? बेडकीला काही झालेलं न्हाई. तिचा पंखा लागत न्हाई, एवढंच. मी लावून देते."

"तू?" बा म्हणाला.

"व्हय, मी."

"आन् न्हाई लागला तर?"

"तर मी ढकलते. एकटी."

बायांमध्ये कुणीतरी हसलं. मामानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. वडीलधारे म्हणाले, "बरं. आठ रोज आधी सांगा. मग बघू."

पंखा लागत नाही हे मला कसं कळलं, ते सांगते. बेडकीचं इंजिन आडवं बसवलेलं होतं, त्यामुळं इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा तिला नव्हताच. रेडिएटरच्या मागं विजेचा पंखा होता, आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला बोटाएवढं एक पितळी स्विच आट्यांनी बसवलेलं. पाणी ठरावीक तापलं की ते स्विच आपोआप जोडलं जायचं, पंखा सुरू व्हायचा. पाणी निवलं की तुटायचं. पळत्या गाडीला वारा मिळतो, तिला पंख्याची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती मिरवणुकीत. मामानं हे स्विच कधी बदललं नव्हतं. मी त्याच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा लावून जोडलं, तर पंखा भर्रकन फिरला. म्हणजे पंखा धडधाकट होता, स्विच मेलं होतं.

आधी आम्ही हिंगोलीला एका वायरिंगवाल्याकडं गेलो, मी आणि मामा. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "असलं स्विच इथं भेटत नसतं. डायरेक्ट करून टाकतो. चावी लावली की पंखा सुरू, काढली की बंद."

मी म्हणाले, "मिरवणुकीत कर्णा पण हिच्याच बॅटरीवर असतो. हळू चालताना चार्जिंग कमी. दिवसभर पंखा चालला तर बॅटरी बसंल."

तो माझ्याकडं न बघता मामाला म्हणाला, "पोरगी काय करती?"

"आयटीआयला हाय. इलेक्ट्रिशियन."

"मग घरातले बल्ब बसवू द्या की तिला."

मामा काही बोलायच्या आत मी बॉनेट पाडलं. "मामा, चल," म्हणाले. गाडीत बसल्यावर मामानं विचारलं, "आता?" मला माहीत नव्हतं. पण त्याला तसं सांगायची माझी तयारी नव्हती. "नांदेडला," मी म्हणाले.

नांदेडच्या भंगार बाजारात असली स्विचं मिळाली, आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची. कुठलं किती गरमीला जोडलं जातं ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि त्यांच्यावर कोरलेलं पुसून गेलं होतं. मी दोन निवडली. रेडिएटरच्या भोकाला ती लहान पडत होती, म्हणून एका लेथवाल्यानं मधे बसवायला पितळेचा बुश, म्हणजे आट्यांचं कडं, करून दिला.

घरी आल्यावर मी मायच्या चुलीवर पातेलं ठेवलं. स्कूटरचा एक छोटा दिवा, बॅटरी आणि स्विच असं वायरनं जोडलं आणि स्विच दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडलं. माय भाकरी थापायची थांबून बघत होती.

"हे काय शिजवून राहिली?"

"स्विच."

"तेल-मीठ लागंल का त्याला?"

पहिलं स्विच पाणी नुसतं कोमट झालं तरी दिवा लावून बसलं. ते बाजूला ठेवलं. दुसरं टाकलं. पाणी तापत गेलं, पातेल्याच्या बुडाला बारीक बुडबुडे धरले, तरी दिवा लागेना. मला वाटलं, हेही मेलेलं निघालं.

माय म्हणाली, "थांब. अजून आधण आलं न्हाई."

"आधण यायच्या आधी लागायला पाहिजे, माय. आधण आलं म्हणजे वाफच."

ती पातेल्यावर वाकली आणि नुसत्या आवाजावरून म्हणाली, "आता यायच्या बेतात हाय." आणि दिवा लागला. आम्ही दोघी एकदम "हां!" म्हणालो. मी पातेलं खाली उतरवलं. पाणी निवत गेलं आणि काही वेळानं दिवा आपल्या आपण विझला. मायनं पुन्हा पातेलं चुलीवर चढवलं. तिला परत बघायचं होतं.

स्विच बसवलं, पण वायर ओढण्यात मी चूक केली. घरात बल्बाला वापरतो तसली बारीक वायर होती माझ्याकडं, तीच मी बॅटरीपासून स्विचला आणि स्विचपासून पंख्याला ओढली. मामानं गाडी सुरू ठेवली. गरमीचा काटा चढला, पंखा लागला, लिंबाखाली जमलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आणि थोड्याच वेळात रबर जळाल्याचा वास आला. वायर वितळून लोंबायला लागली होती. मामानं झटक्यात बॅटरीची तार उपटली, नाहीतर बेडकी तिथंच जळाली असती.

बा धावत आला. "गाडी पेटवती का? बास झालं तुझं!"

मला रडू आलं नाही. मला स्वतःचा संताप आला. पंख्याची मोटार किती करंट ओढते हे मी मोजलंच नव्हतं.

सोमवारी आयटीआयत सरांना विचारलं. ते म्हणाले, "मोटारगाडीचं मला फार कळत नाही. पण पंखा किती अँपिअर घेतो, हे मोजलंस का?" त्यांनी कपाटातून मीटर काढून दिलं आणि "मोजून आण" म्हणाले. पुढच्या रविवारी मोजलं. त्या बारीक वायरीला ते झेपणं शक्यच नव्हतं, आणि त्या बोटाएवढ्या स्विचलाही फार दिवस झेपलं नसतं.

त्या दिवशी बा विहिरीवर मोटार चालू करायला निघाला होता. मी मागून गेले. त्यानं स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं, आत खट्ट आवाज आला आणि मोटार घुमू लागली. मी तिथंच उभी राहिले. बटन केवढंसं, मोटार केवढी. बटनातून मोटारीचा करंट जातच नव्हता. बटन फक्त आतल्या कॉइलला हुकूम देतं, आणि जाड पट्ट्या जोडून कॉइल मोटारीला वीज देते. हे मला वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. गाडीच्या बाबतीत ते डोक्यात आलंच नव्हतं.

गाडीत त्यालाच रिले म्हणतात. ट्रकच्या हॉर्नला असतो तसला रिले मी आणला. पंख्याला जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, आणि स्विचकडं फक्त रिलेचा हुकूम. बॉडीला अर्थिंग देताना रंग खरवडून पत्रा उघडा केला. सगळे जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले, नुसते पिळून टेप लावली नाही. मामाचा हट्ट होता म्हणून डॅशबोर्डखाली हातानं पंखा लावायचं एक बटनही बसवलं. "अडीअडचणीला," तो म्हणाला.

दोन दिवस मी सलवार खोचून गाडीखाली होते. वाड्यातले काही म्हातारे येऊन बघून जात आणि "पोरीच्या जातीनं..." एवढंच म्हणून वाक्य अर्धं सोडून देत. मी ते कुणाला पुरं करायला सांगितलं नाही. बा दुसऱ्या दिवशी एक पोतं घेऊन आला, माझ्या पाठीखाली सरकवलं आणि शेतात निघून गेला.

आठ रोज आधी वडीलधाऱ्यांना पंखा लावून दाखवला, ट्रॅक्टर सांगायचा राहिला आणि जयंतीला बेडकी निघाली. ऊन मागल्या वर्षापेक्षा कमी नव्हतं. मी लेझीममध्ये नव्हते. गाडीच्या पुढच्या चाकाशेजारून चालत होते, एक हात बॉनेटवर ठेवून. चौकात आलो तर पारावर तीच मंडळी. किंबहुना जरा जास्तच. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

बंदोबस्ताचे हवालदार म्हणाले, "लवकर काढा पुढं." पण आमच्या लेझीमवाल्या पोरींनी चौकातच रिंगण धरलं आणि ढोलवाल्यानं मुद्दामच ताल सोडला नाही. मला वाटलं होतं मामा घाबरून गाडी बंद करील. त्यानं केली नाही. इंजिन घुरघुरत राहिलं आणि काटा चढू लागला.

काटा मधोमध आला. मग वर. लालच्या जवळ. पंखा लागला नाही.

पारावरून आवाज आला, "आता सुटतीय बघा वाफ."

मामाचा हात हळूच डॅशबोर्डखाली गेला. मी दारावरून वाकून म्हणाले, "मामा, हात लावू नको."

"पोरी, काटा बघ."

"बघून राहिले. हात काढ."

त्यानं हात काढला. माझ्या तळव्याला बॉनेट चटका देत होतं. मी तो हात उचलला नाही. मनात मायचं पातेलं चाललं होतं, बुडाचे बुडबुडे, यायच्या बेतात असलेलं आधण. आणि आतून खट्ट झालं. पंखा सुरू झाला. भर्र आवाज ढोलाच्या वरून ऐकू आला, समोरच्या जाळीजवळची फुलं आत ओढली जाऊन जाळीला चिकटली. मामा मोठ्यानं हसला. तसा हसताना मी त्याला हैदराबादहून आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मागल्या वर्षी सल्ला देणारा तो माणूस पारावरून उतरून गाडीजवळ आला. वाकून पाहिलं. "कुणी केलं?"

"माझ्या भाचीनं," मामा म्हणाला.

"डायरेक्ट केलं असंल."

"न्हाई," मी म्हणाले. "पाणी निवलं की आपल्या आपण बंद होतो. थांबा, दाखवते."

"मला काय थांबायचं?"

"गेल्या साली थांबला होता की तुमी. आज बी थांबा."

ढोलवाल्यानं ते ऐकलं आणि ताल आणखी चढवला. तो माणूस गेलाही नाही आणि नीट थांबलाही नाही. खिशात हात घालून अर्धा वळून उभा राहिला. काटा उतरत गेला. पंखा बंद झाला. रिंगण चालूच होतं, म्हणून काही वेळानं तो पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला.

"एक रोज चालंल," तो म्हणाला.

"उद्या सकाळी लिंबाखाली या. उद्या बी दाखवते."

तो आला नाही. यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मिरवणूक पुढं निघाली, गावभर फिरली आणि संध्याकाळी समाजमंदिराशी परतली. परतताना वाटेत बेडकीची क्लचची केबल तुटली हे खरं आहे, आणि शेवटच्या चढावर तिला ढकलावं लागलं हेही खरं. पण तो चढ आमच्याच वाड्यातला होता, आणि ढकलणारे इतके झाले की निम्म्यांना हात टेकायलाही जागा मिळाली नाही. बा सगळ्यांत पुढं होता.

मामानं बेडकी पुढं बरीच वर्षं चालवली. त्याच्यानंतर ती औंढ्याच्या एका हौशी माणसानं नेली.

ट्रेड पास झाल्यावर मी हिंगोलीतल्या गॅरेजांत काम मागून पाहिलं. कुणी "बाईमाणसाला कसं ठेवायचं" म्हणालं, कुणी आडनाव विचारलं आणि मग जागा भरली असल्याचं सांगितलं. शेवटी रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून मी स्वतःचंच वायरिंगचं दुकान सुरू केलं. पाटीवर माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. पाटीवाला म्हणाला होता, नुसतं 'ऑटो इलेक्ट्रिक' लिहू, बरं पडतं. मी म्हणाले, मी सांगते तसंच तुमी लिहा.

सुरुवातीची काही वर्षं गिऱ्हाईक जीप उभी करायचं, खाली उतरायचं आणि माझ्या डोक्यावरून शेडच्या आत बघत विचारायचं, "मिस्त्री कुठं हाय?"

"मीच."

"न्हाई, काम करणारा कुठं हाय?"

"बोनट उघडा," मी म्हणायचे, "न्हाईतर गाडी काढा. मागं दुसरा थांबलाय."

मागं पुष्कळदा कुणीच थांबलेलं नसायचं. काही जण गाडी काढून निघून जात. त्यांना मी कधी हाक मारली नाही.